मोसुलच्या हमवी, कुंदुझचे हेलिकॉप्टर

११ ऑगस्ट २०२१ रोजी उत्तर अफगाणिस्तानातल्या कुंदुझ विमानतळावरची छायाचित्रे जगभर फिरली. तालिबानचे बंदूकधारी एका लढाऊ हेलिकॉप्टरच्या शेजारी उभे होते. हेलिकॉप्टरच्या माथ्यावरची पाती काढलेली होती, त्यामुळे ते उडण्याजोगे नव्हते. पण ते कुणाचे, हे कळायला वेळ लागला नाही. भारताने अफगाण हवाई दलाला भेट दिलेल्या यंत्रांपैकी ते एक होते. २०१५-१६ मध्ये भारताने आपल्या ताफ्यातली चार एमआय-२५ हेलिकॉप्टरे काबूलला दिली होती. पुढे २०१९ मध्ये बेलारूसकडून घेतलेली चार एमआय-२४ दिली. कुंदुझचे यंत्र या दुसऱ्या खेपेतले. त्यानंतर चारच दिवसांनी काबूलही पडले.

एका नादुरुस्त हेलिकॉप्टरने भारताचे फार मोठे लष्करी नुकसान झाले, असे कुणी म्हणणार नाही. त्याच दिवसांत अमेरिकेने दिलेल्या हजारो गाड्या आणि लाखो बंदुका तालिबानच्या ताब्यात गेल्या, त्यापुढे ही बाब किरकोळच. तरी दोन्ही बाबतींत विचारायचा प्रश्न तोच आहे. दुसऱ्या देशाच्या सरकारी फौजेला शस्त्र देताना ते पुढे कुणाच्या खांद्यावर दिसेल, याची चौकशी देणाऱ्याने किती केली होती?

यादवी युद्धात सरकारी फौज कोसळली की तिला बाहेरून मिळालेली सामग्री बंडखोरांकडे जाते. याला युद्धातला अपघात म्हणून सोडून देण्याची पद्धत पडली आहे, आणि ती मोडायला हवी. कारण गेल्या पाऊणशे वर्षांतली उदाहरणे तपासली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. शस्त्रे हातची जाण्याच्या कितीतरी आधीच ती धरणारी फौज आतून पोखरलेली असते. आणि हे गुपित नसते. देणाऱ्या देशाच्या स्वतःच्याच दप्तरात त्याच्या नोंदी पडून असतात.

इराकमधले मोसुल घ्या. जून २०१४ मध्ये इराकचे हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर ‘इस्लामिक स्टेट’ने चार-पाच दिवसांत घेतले. ६ जूनच्या पहाटे पिकअप गाड्यांतून हल्लेखोर शहरात शिरले. ९ तारखेला संध्याकाळी मोसुल हॉटेलपाशी पोलिसांच्या एका तुकडीवर स्फोटकांनी भरलेला पाण्याचा टँकर येऊन आदळला आणि पश्चिमेकडचा बचाव तिथे फुटला. १० जूनला शहर हातचे गेले. पहिल्या फळीत आलेले हल्लेखोर हजार-दीड हजारांच्या घरात होते. त्यांच्यासमोर कागदावर सैन्य आणि पोलीस मिळून पंचवीस हजारांचे बळ होते. रॉयटर्सने नंतर खोलात जाऊन तपास केला, तेव्हा प्रत्यक्ष हजर असलेले दहा हजारांच्या आसपास निघाले. एका ब्रिगेडच्या पटावर अडीच हजार शिपाई होते, हजर मात्र पाचशेच्या जवळपास. शहराचे रणगाडे आधीच अन्बार प्रांतातल्या लढाईकडे वळवले गेले होते.

मग बाकीचे कुठे होते? बरेचसे घरी. शिपायाचा पगार निघे, त्यातला निम्मा अधिकाऱ्याच्या खिशात जाई आणि त्या बदल्यात शिपायाची हजेरी माफ होई. काही नावांमागे तर माणूसच नव्हता. रोजगार हमीच्या मस्टरवर बोगस मजूर दाखवून पैसे लाटल्याची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिलेली आहेत. इराकमध्ये तोच प्रकार फौजेच्या हजेरीपटावर चालला होता. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस नवे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेला आकडा सांगितला: फक्त चार डिव्हिजनमध्ये असे पन्नास हजार शिपाई. जे खरोखर हजर होते त्यांची अवस्थाही बरी नव्हती. सैन्याच्या मुदपाकखान्याचे पैसे वरच्यावर खाल्ले जात, आणि मोसुलमधले जवान बाजारातून जिन्नस विकत आणून आपले जेवण आपणच रांधत. तपासणी नाक्यांवर लोकांकडून पैसे उकळणारी आणि सुन्नी वस्तीला संशयित मानणारी ही फौज शहराला आपली वाटत नव्हती. हल्ला झाला तेव्हा तिच्या मदतीला शहर धावले नाही. वरिष्ठ सेनापती निघून गेल्याची बातमी पसरली तसे शिपायांनी गणवेश काढून टाकले आणि वाट धरली.

मागे काय राहिले, ते अबादींनीच मे २०१५ च्या अखेरीस सरकारी दूरचित्रवाणीवर सांगितले. एकट्या मोसुलमध्ये २,३०० हमवी गेल्या.

हमवी ही अमेरिकी सैन्याची नेहमीची चारचाकी. इराकला दिलेल्या अनेकींना पोलादी चिलखत आणि जाड काचा होत्या, रस्त्यातल्या सुरुंगांपासून आणि गोळीबारापासून आतल्या माणसाचा जीव वाचावा म्हणून. ‘इस्लामिक स्टेट’ने याच गुणाचा उलटा वापर केला. गाडीत स्फोटके भरायची, मरायला तयार असलेला चालक बसवायचा आणि ती सरळ इराकी ठाण्यावर घालायची. समोरून कितीही गोळ्या झाडल्या तरी त्या चिलखतावर आपटून पडत आणि गाडी दारापर्यंत पोचे. मे २०१५ मध्ये रमादी शहर पडले तेव्हा स्फोटकांनी भरलेली सुमारे तीस वाहने बचावफळीवर सोडण्यात आली होती. त्यांतल्या काहींचे स्फोट एवढे मोठे होते की त्यांनी आख्ख्या इमारती पाडल्या. रमादीतून माघार घेताना इराकी फौजेने पुन्हा सहाएक रणगाडे, तितक्याच तोफा आणि शंभरच्या आसपास गाड्या मागे सोडल्या. अमेरिकी विमानांना मग अमेरिकेतच बनलेल्या गाड्या शोधून शोधून बॉम्बने फोडाव्या लागल्या. या आत्मघाती गाड्या थांबवण्यासाठी खांद्यावरून डागायची रणगाडाविरोधी अस्त्रे घाईघाईने इराकला पाठवावी लागली, तीही अमेरिकेलाच.

मधल्या काळात, डिसेंबर २०१४ मध्ये, इराकला नव्या एक हजार हमवी विकण्याच्या ५७ कोटी ९० लाख डॉलरच्या प्रस्तावाला वॉशिंग्टनने मंजुरी दिलेली होती. गाड्या गमावल्याची किंमत इराकच्या तिजोरीने आणि रमादी-मोसुलच्या नागरिकांनी मोजली. त्या बनवणाऱ्यासाठी नव्या मागणीची वाट खुली झाली. ही व्यवस्थाच अशी आहे की तीत शस्त्रे हरवल्याची झळ देणाऱ्याला सर्वांत शेवटी, कधी कधी तर अजिबात लागत नाही.

इराकी फौज आतून पोकळ आहे, हे वॉशिंग्टनला मोसुल पडल्यावर कळले असे म्हणता येत नाही. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीस कार्यालयाने २००७ मध्येच अहवाल दिला होता. २००४ आणि २००५ या दोन वर्षांत इराकी दलांना दिलेल्या शस्त्रांपैकी सुमारे १ लाख १० हजार एके-४७ रायफली आणि ८० हजार पिस्तुले कुठे गेली, याचा धड हिशेब लागत नव्हता. हे मोसुलच्या सात वर्षे आधीचे. त्यानंतरही सामग्री जातच राहिली. २०११ मध्ये अमेरिकी सैन्य इराकमधून बाहेर पडेपर्यंत इराकी दलांच्या उभारणीवर अमेरिकेचे दोन हजार कोटी डॉलरहून अधिक खर्च झाले होते. किती गाड्या दिल्या, किती बटालियन तयार झाल्या, याचे आकडे अहवालांत नीट भरले जात होते. बटालियनमध्ये आज सकाळी किती माणसे उठून उभी राहिली, त्यांना जेवायला काय मिळाले, पगार पूर्ण हातात पडला का, या रकान्यांना कुणी महत्त्व दिले नाही.

अफगाणिस्तानात तर हे सगळे उघड्या डोळ्यांसमोर घडले. तिथल्या अमेरिकी खर्चावर देखरेख ठेवण्यासाठी ‘सिगार’ नावाचे खास महानिरीक्षक कार्यालय होते आणि त्याने आपले काम चोख केले. २०१४ च्या त्याच्या अहवालानुसार अफगाण दलांना दिलेल्या शस्त्रांच्या एका नोंदवहीतल्या ४ लाख ७४ हजार ८२३ अनुक्रमांकांपैकी ४३ टक्क्यांमध्ये माहिती अपुरी होती किंवा तोच क्रमांक दोनदा नोंदलेला होता. ज्या बंदुकीची पाठवल्याची नोंदच धड नाही, ती हरवली हे कळणार कसे?

हवाई दलाची कथा आणखी बोलकी आहे. अफगाण तंत्रज्ञांना रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टरे हाताळायची सवय होती. देखभालीचे बरेचसे काम ते स्वतः करत. २०१७ मध्ये ठरले की ही हेलिकॉप्टरे बाजूला करून अमेरिकी ब्लॅक हॉक आणायची. सुरुवातीच्या योजनेत १५९ ब्लॅक हॉक होती. ती सांभाळायचे प्रशिक्षण अफगाणांकडे नव्हते, म्हणून देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे गेली. या कंत्राटदारांशिवाय अफगाण विमाने काही महिन्यांतच जमिनीवर येतील, असा इशारा दिलेला होता. २०२१ च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्यापाठोपाठ कंत्राटदारही निघून गेले आणि इशारा खरा ठरला. जे यंत्र त्या देशातला माणूस दुरुस्त करू शकत नाही, ते त्या देशाला दिले गेले यामागे अमेरिकी कारखान्यांची आणि राजकारणाची सोय होती. अफगाण वैमानिकाची गरज त्या निर्णयात फार खाली राहिली.

आणि जमिनीवरची फौज? ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी कंदाहारच्या आघाडीवर जे पाहिले ते कुठल्याही आकडेवारीपेक्षा जास्त सांगते. पुठ्ठ्याचा एक खोका, त्यात बुळबुळीत झालेले बटाटे. एका पोलीस तुकडीचा तो दिवसभराचा शिधा. कित्येक दिवस बटाट्याखेरीज त्यांच्या पोटात काही गेलेले नव्हते. अनेक पोलिसांना महिनोन्महिने पगार नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये दोह्याला अमेरिकेने तालिबानशी करार केला, तोही काबूल सरकारला बाहेर ठेवून. आपला दाता निघाला आहे आणि आपला सेनापती पगार खातो आहे, हे ज्याला दिसते त्याने बटाटे खाऊन कुणासाठी मरायचे? गावोगावच्या ठाण्यांवर तालिबानने वडीलधाऱ्यांना मध्ये घालून निरोप धाडले: शस्त्रे ठेवा, घरी जा. बहुतेकांनी ते ऐकले. त्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. याच फौजेतल्या हजारो जणांनी वीस वर्षांत जीव दिला होता. माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी नंतर बीबीसीला सांगितले की कागदावरच्या तीन लाखांच्या फौजेतले बहुतेक जण अस्तित्वातच नव्हते.

नेमके काय गेले, याबद्दल अमेरिकेच्या राजकारणात बरीच वाढीव विधाने झाली. साडेआठ हजार कोटी डॉलरची शस्त्रे तालिबानला मिळाली, हा आकडा डोनाल्ड ट्रम्प यांनी वारंवार वापरला. प्रत्यक्षात तो वीस वर्षांत अफगाण दलांवर झालेल्या जवळजवळ सगळ्या खर्चाचा आकडा आहे. त्यात पगार, इंधन, प्रशिक्षण, बांधकाम सारे आले. पेंटागॉनने २०२२ मध्ये अमेरिकी संसदेला दिलेल्या अहवालानुसार मागे राहिलेल्या सामग्रीची किंमत ७१२ कोटी डॉलर होती. दिलेल्या ४ लाख २७ हजार ३०० बंदुकांपैकी ३ लाख १६ हजारांहून अधिक, आणि ९६ हजार लष्करी वाहनांपैकी ४० हजारांहून अधिक देशात उरली. त्यांत १२ हजार हमवी. काबूल विमानतळावरची ७८ विमाने-हेलिकॉप्टरे अमेरिकी सैनिकांनी निघण्यापूर्वी निकामी केली, आणि आणखी चाळीसहून अधिक विमाने-हेलिकॉप्टरे अफगाण वैमानिकांनी उझबेकिस्तानात उडवून नेली. खरा आकडा फुगवलेल्या आकड्याच्या सुमारे बाराव्या हिश्शाएवढाच आहे, पण तो लहान नव्हे. फुगवलेल्या आकड्याने एक नुकसान मात्र केले. वाद किती डॉलर गेले यावर अडकला आणि का गेले हा प्रश्न मागे पडला.

हा प्रश्न जुना आहे. चीनमधल्या यादवी युद्धात १९४८ च्या शरदात मंचुरियातली च्यांग काय-शेकची उत्तमोत्तम सैन्यदले, त्यांतली काही अमेरिकेने प्रशिक्षण देऊन सज्ज केलेली, माओच्या फौजेने गिळली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या अमेरिकी लष्करी सल्लागार गटाचे प्रमुख मेजर जनरल डेव्हिड बार यांनी वॉशिंग्टनला कळवले की आपण आल्यापासून एकही लढाई दारूगोळा किंवा सामग्री कमी पडल्यामुळे हरलेली नाही. पराभवाचे मूळ नेतृत्वात आणि लढण्याची इच्छा संपण्यात आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेल्या चीनविषयक श्वेतपत्रिकेनेही कबूल केले की दुसऱ्या महायुद्धानंतर पुरवलेल्या लष्करी साहित्याचा मोठा भाग कम्युनिस्टांच्या हाती गेला. १ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंगच्या तिआनआनमेनवरून नव्या राजवटीची सतरा विमाने उडाली, त्यांत नऊ अमेरिकन मस्टँग होती. विमाने थोडी असल्यामुळे ही नऊ एक चक्कर मारून पुन्हा रांगेत आली.

म्हणजे १९४८ साली एका अमेरिकी सेनाधिकाऱ्याने जे लिहून ठेवले, तेच २००७ मध्ये हिशेबतपासनीसांनी आणि २०१४ मध्ये ‘सिगार’ने वेगवेगळ्या शब्दांत सांगितले. सांगणारे होते. ऐकण्याची व्यवस्था नव्हती.

गमावलेली शस्त्रे एका युद्धापुरती राहत नाहीत, हा याहून गंभीर भाग. रणगाडा गंजतो, हेलिकॉप्टर सुट्या भागांवाचून बसून राहते, पण रायफल तेलपाणी केले की पन्नास वर्षे चालते आणि सहज प्रवास करते. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडले तेव्हा लाखो एम-१६ रायफली व्हिएतनामच्या कम्युनिस्टांकडे गेल्या. सायगाव पडण्याच्या दोनच दिवस आधी तिथल्या विमानतळावर बॉम्ब टाकणारी ए-३७ विमानेही हस्तगत केलेली अमेरिकी विमानेच होती. अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये, पार दक्षिण अमेरिकेत चिलीच्या कारिझाल बाहो या किनाऱ्यावर हुकूमशहा पिनोशेच्या विरोधकांनी लपवलेला प्रचंड शस्त्रसाठा सापडला. त्यातल्या तीन हजारांहून अधिक एम-१६ पैकी अनेकांचे अनुक्रमांक व्हिएतनामला पाठवलेल्या खेपांशी जुळले. एल साल्वाडोरच्या बंडखोरांकडेही अशाच रायफली मिळाल्या. आग्नेय आशियासाठी दिलेली बंदूक महासागर ओलांडून तिसऱ्याच यादवीत वापरली गेली.

अफगाणिस्तानातली शस्त्रे तितक्या लांब जाण्याची गरज नाही. ११ मार्च २०२५ रोजी बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या भागात फुटीरतावाद्यांनी जाफर एक्स्प्रेस ही प्रवासी गाडी अडवली आणि प्रवाशांना ओलीस धरले. त्यात अनेक प्रवासी आणि जवान मारले गेले. हल्लेखोरांकडच्या एका एम-४ कार्बाइनचा माग वॉशिंग्टन पोस्टने लावला. ती २०१८ मध्ये अमेरिकेत कनेटिकटच्या कोल्ट कारखान्यातून बाहेर पडली होती. पाकिस्तानने त्या वृत्तपत्राला दाखवलेल्या शस्त्रांपैकी ६३ शस्त्रे अमेरिकेने अफगाण दलांना दिलेली असल्याची खात्री अमेरिकी अधिकाऱ्यांनी केली. सात वर्षांत एका कार्बाइनने कनेटिकट ते काबूल ते बोलन असा प्रवास केला, आणि शेवटी तिची नळी वळली ती आगगाडीतल्या प्रवाशांकडे.

काश्मीरमध्येही चकमकीत मारल्या गेलेल्या दहशतवाद्यांजवळ एम-४ मिळाल्या आहेत. इथे घाईने निष्कर्ष काढू नये. काश्मीरमध्ये एम-४ नोव्हेंबर २०१७ मध्येच सापडली होती, म्हणजे काबूल पडण्याच्या पावणेचार वर्षे आधी. त्यामुळे सगळा दोष २०२१ च्या पळापळीला देता येत नाही. ही तारीख उलट जास्त चिंतेची आहे. मोठी फौज कोसळून शस्त्रांचे कोठार उघडते तेव्हा सगळ्यांचे लक्ष जाते. ती उभी असताना रोज थोडीथोडी गळती चालू असते, तिकडे कुणी पाहत नाही.

मग संकटातल्या सरकारांना शस्त्रे द्यायचीच नाहीत का? असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’मुळे सिंजारच्या डोंगरात अडकलेल्या यझिदी अल्पसंख्याकांना प्रवचनाने कुणी वाचवू शकले नसते. शिवाय इराकनेच उलट उदाहरणही घालून दिले. तिथल्या दहशतवादविरोधी दलाकडे, ज्याला लोक ‘गोल्डन डिव्हिजन’ म्हणून ओळखत, गाड्या त्याच होत्या आणि बंदुकाही त्याच. फरक होता तो निवडीत, प्रशिक्षणात, वेळेवर मिळणाऱ्या पगारात, आणि शिया, सुन्नी, कुर्द अशी सगळी माणसे एका तुकडीत ठेवण्यात. हे दल २०१४ मध्येही विस्कटले नाही. ऑक्टोबर २०१६ ते जुलै २०१७ या काळात मोसुल घराघरांतून लढून परत घेताना ते आघाडीवर होते, आणि पेंटागॉनच्या कागदपत्रांनुसार त्याने लढाईत ४० टक्के हानी सोसली. तीच हमवी एका फौजेने रस्त्यात टाकून दिली आणि दुसरीने तिच्यातून शहर सोडवले. शस्त्र द्यायचे असेल तर आधी ही दुसरी फौज ओळखता आली पाहिजे.

आता हे सगळे भारताच्या दारातले झाले आहे, कारण भारत शस्त्रे विकू लागला आहे. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली आणि २०२९ पर्यंत ती ५० हजार कोटींवर न्यायचे सरकारचे उद्दिष्ट आहे. देशाने स्वतःची शस्त्रे बनवावीत आणि विकावीत यात गैर काही नाही; महाराष्ट्रातल्या खडकी, वरणगाव, अंबाझरी, भंडारा या कारखान्यांच्या गावांना तर यातले रोजगाराचे मोल वेगळे सांगायला नको. पण विक्रीबरोबर जोखीमही येते, आणि तिचे एक उदाहरण अगदी शेजारी आहे.

म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर यादवी पेटली. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ च्या अहवालात उठावानंतर म्यानमारच्या लष्कराला गेलेल्या शंभर कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या शस्त्रांचा, सुट्या भागांचा आणि कच्च्या मालाचा माग काढला. रशिया, चीन आणि सिंगापूर या यादीत बरेच पुढे आहेत, पण भारतातल्या कंपन्यांकडून गेलेला माल ५ कोटी १० लाख डॉलरचा आहे, आणि त्यात सरकारी मालकीच्या कंपन्याही आहेत. त्यानंतर काय झाले? २७ ऑक्टोबर २०२३ पासून उत्तर शान प्रांतात तीन वांशिक सैन्यांनी एकत्र हल्ला चढवला. जानेवारी २०२४ मध्ये लाउक्काई इथे सहा ब्रिगेडियर जनरलांसह दोन हजारांहून अधिक सैनिकांनी शरणागती पत्करली. ऑगस्टमध्ये लाशिओचे विभागीय मुख्यालय पडले, डिसेंबरमध्ये राखाइनमधले अॅनचे. प्रत्येक ठिकाणी कोठारे विजेत्यांकडे गेली. याच काळात शेकडो म्यानमारी सैनिक जीव वाचवायला मिझोराममध्ये आले आणि भारताने त्यांना परत पाठवले. ही सीमा १,६४३ किलोमीटरची आहे आणि मणिपूर तिच्यावरच आहे. म्यानमारमध्ये सुटलेल्या हत्याराला परत यायला समुद्र ओलांडावा लागत नाही.

आणखी एक धडा भारताला आधीच मिळालेला आहे. शस्त्रांचा माग काढणाऱ्या ‘कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च’ या संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या सुरुंगांचे सुटे भाग तपासले. त्यांत २० देशांतल्या ५१ कंपन्यांचा माल निघाला. भारतीय कंपन्या सात. माल होता डिटोनेटर, स्फोटक दोर, सुरक्षा वात. सगळा माल सरकारी परवान्याने, रीतसर, लेबनॉन आणि तुर्कीतल्या ग्राहकांना गेलेला. कायद्याचा भंग कुणी केला नव्हता. मालाने नंतर वाट बदलली आणि ते पाहायला वाटेत कुणी उभे नव्हते.

असा माग लागतो, कारण कारखान्याची खूण मालावर असते. काडतूस उलटे धरले की त्याच्या बुडावर बारीक अक्षरे दिसतात: कारखान्याची ओळख आणि वर्ष. खडकीच्या कारखान्याची अक्षरे ‘केएफ’. काडतूस कुठल्याही देशात सापडो, ते कुठून आले हे ही दोन अक्षरे सांगतात. तेव्हा आपला माल शेवटी कुठे पोचला, हे भारताने परक्या तपासनीसांच्या अहवालात वाचण्यापेक्षा स्वतः जाऊन पाहणे बरे.

भारतात अंतिम वापराचे प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये भारत निर्यात-नियंत्रणाच्या वासेनार व्यवस्थेतही सामील झाला. पण प्रमाणपत्र हे ग्राहकाचे वचन असते. स्वित्झर्लंडने याचा अनुभव घेतला. तिथून संयुक्त अरब अमिरातींना विकलेले हातबॉम्ब २०१२ मध्ये सीरियातल्या युद्धात दिसले, तेव्हा त्या देशाने माल पोचल्यानंतर ग्राहकाच्या कोठारात निरीक्षक पाठवून अनुक्रमांक जुळवण्याचा अधिकार करारातच लिहून घ्यायला सुरुवात केली. ज्या ग्राहकाला हे मान्य नाही त्याच्याशी सौदा करावा का, हे सरकारला मग डोळसपणे ठरवता येते. भारताचे करार याच वळणाने लिहिले जावेत. यादवी चालू असलेल्या देशाबाबत एक पाऊल पुढे जायला हवे: ग्राहक फौजेच्या शिपायांना पगार मिळतो का, पटावरची माणसे हजर आहेत का, दिलेले यंत्र दुरुस्त करणारे हात त्या देशात आहेत का, याची टिपणे दूतावासातल्या संरक्षण अधिकाऱ्याने दर वर्षी द्यावीत आणि पुढचा परवाना त्यावर अवलंबून असावा.

दर वर्षी निर्यातीचा आकडा जाहीर होतो तेव्हा त्यात रुपये असतात आणि देशांची संख्या असते. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने त्यापुढची माहिती मागावी. सुरुवात म्यानमारपासून करता येईल: फेब्रुवारी २०२१ नंतर भारतातून तिथे काय गेले, ते कुठल्या तळांवर ठेवले गेले, आणि त्यांपैकी किती तळ आज म्यानमार सरकारच्या ताब्यात आहेत.